दोष कोणाचा? जुन्या स्वयंचलित मोटारीच्या टॉर्क कन्व्हर्टरची परीक्षा

शाळामास्तराने मोटारीच्या यंत्रावर बोलावे, हे आपल्यापैकी काहींना अनधिकारचर्चेसारखे वाटण्याचा संभव आहे. मी अभियंता नाही. विज्ञान शिकविणारा शिक्षक आहे. परंतु यंत्रातील दोष शोधून काढणे हे वर्गात शिकविल्या जाणाऱ्या विज्ञानाहून मुळात निराळे काम नव्हे. लक्षण नीट पाहावयाचे, त्याची संभाव्य कारणे मांडावयाची आणि साध्या परीक्षांनी एकेक कारण बाद करीत जावयाचे, हीच ती पद्धत. ती सोडून जेथे तर्काच्या उडीने निर्णय दिला जातो, तेथे मोटारीच्या मालकाचे पैसे जातात आणि दोष जागचा हलत नाही.

आमचा पांढुर्णा-सौंसरचा भाग तसा लहान गावांचा. २०२३ साली पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला. संत्री, कापूस आणि जांब नदीवरची गोटमार एवढ्यानेच बाहेरचे लोक आम्हांला ओळखतात. तथापि येथून नागपूर सुमारे शंभर किलोमीटरवर आहे आणि नागपुरातील जुन्या मोटारींच्या बाजारातून पुष्कळ गाड्या आमच्याकडे येतात. त्यांत हल्ली बिनक्लचच्या, म्हणजे स्वयंचलित गाड्याही दिसू लागल्या आहेत. पूर्वी असली मोटार ही परदेशी चैन समजली जाई. १९९० नंतर मारुती झेनसारख्या लहान गाडीतही ही सोय मिळू लागली. पुढे होंडा सिटी, ह्युंदाईची आय-टेन अशा गाड्या आल्या. शहरातील पहिल्या मालकाने वापरून विकलेल्या या गाड्या आता दुसऱ्या-तिसऱ्या मालकाच्या दारी उभ्या आहेत. त्यांना वय झाले आहे, आणि वयाबरोबर येणारी दुखणीही जडली आहेत.

अशी गाडी चढावर ओढेनाशी झाली, थरथरू लागली किंवा थांबताना बंद पडू लागली, की बहुधा एकच निकाल ऐकावयास मिळतो : "गिअरबॉक्स गेला." हा निकाल फार महाग असतो. जुन्या स्वयंचलित गाडीचा संपूर्ण गिअरबॉक्स बदलावयाचा, तर कधी कधी गाडीच्या किमतीच्या निम्म्याहून अधिक रक्कम लागते. वस्तुतः दोष पुष्कळदा गिअरबॉक्समध्ये नसून त्याच्या आणि इंजिनाच्या मध्ये बसलेल्या टॉर्क कन्व्हर्टर नावाच्या बंद डब्यात असतो. उलटपक्षी, कित्येकदा या बिचाऱ्या डब्यावर आळ येतो आणि खरा अपराधी भलताच निघतो. तेव्हा दोष कोणाचा हे कसे ठरवावे, एवढाच आजचा प्रश्न.

प्रथम एक खुलासा करतो. 'ऑटोमॅटिक' म्हणून विकल्या जाणाऱ्या प्रत्येक गाडीत टॉर्क कन्व्हर्टर असतोच असे नाही. २०१४ साली मारुतीच्या सेलेरिओपासून आपल्याकडे जी स्वस्त पद्धत रूढ झाली, तीत गिअरबॉक्स आणि क्लच नेहमीचेच असतात; फक्त पायाचे व हाताचे काम एक यंत्र करते. अशा गाडीला आज मी सांगणार आहे त्या परीक्षा लागू नाहीत. म्हणून गाडी कोणत्या जातीची आहे, हे तिच्या पुस्तिकेत पाहणे ही पहिली पायरी.

आता हा टॉर्क कन्व्हर्टर म्हणजे काय? दोन टेबलपंखे समोरासमोर ठेवा आणि एकच चालू करा. त्याच्या वाऱ्याने दुसरा पंखाही फिरू लागेल. दोहोंमध्ये काही जोडणी नाही, तरी गती पोहोचली. पंख्यांच्या जागी पात्यांची दोन चाके आणि हवेच्या जागी तेल कल्पा, म्हणजे या यंत्राचे अर्धे रहस्य उलगडले. इंजिनाला जोडलेले चाक पंपाप्रमाणे तेल फेकते. समोरचे टर्बाइनचे चाक त्या तेलाच्या माऱ्याने फिरते आणि गिअरबॉक्सला गती देते. गाडी सिग्नलपाशी थांबली, तर टर्बाइन थांबते आणि पंप तेल घुसळीत राहतो. इंजिन बंद पडत नाही. म्हणूनच या गाडीला पायाचा क्लच लागत नाही.

राहिलेले अर्धे रहस्य तिसऱ्या चाकात आहे. टर्बाइनवर आपटून परत येणारे तेल पंपाच्या गतीला विरोध करील अशा दिशेने येत असते. मध्ये बसविलेले स्टेटर नावाचे लहान चाक त्या तेलाला वळवून पंपाला साह्यकारी दिशा देते. त्यामुळे गाडी उठताना इंजिनाचा पीळ सुमारे दुप्पट होऊन चाकांकडे जातो. गाडीने वेग घेतला की स्टेटरची गरज संपते. तेव्हा ते तेलाबरोबर मोकळे फिरावे म्हणून त्यात सायकलच्या फ्रीव्हीलसारखी, एकाच दिशेने फिरू देणारी पकड असते. यांशिवाय, तेलातून गती देताना थोडी घसर नेहमीच होते आणि इंधन वाया जाते. ते वाचावे म्हणून गेल्या काही दशकांतील बहुतेक गाड्यांत, ठरावीक वेगानंतर पंप आणि टर्बाइन यांना घट्ट एकत्र धरणारा 'लॉक-अप क्लच' असतो. पंप, टर्बाइन, स्टेटरची पकड आणि लॉक-अप क्लच ही चार नावे कृपया ध्यानात ठेवावीत. पुढील सारी लक्षणे यांतूनच निघतात.

ही कल्पना मोटारीसाठी जन्मली नाही. हेर्मान फ्योटिंगर या जर्मन अभियंत्याने १९०५ साली श्टेटिन येथील जहाजाच्या कारखान्यात असताना तिचे पेटंट घेतले. वाफेचे टर्बाइन फार वेगाने फिरते आणि जहाजाचा पंखा सावकाश फिरावा लागतो. या दोहोंचा मेळ घालण्याची त्याला विवंचना होती. प्रवासी मोटारीत टॉर्क कन्व्हर्टर अमेरिकेतील ब्यूक कंपनीने १९४८ साली आणला. आणि आमच्या सौंसरकरांना तर हे यंत्र, नाव ठाऊक नसले तरी, परिचयाचे असावयास हवे. नागपूर-छिंदवाडा ही सौंसरवरून जाणारी अडीच फुटी रेल्वे २०१५ साली रुंदीकरणासाठी बंद झाली. तिच्यावर अखेरच्या काळात धावणारी डिझेल इंजिने याच जातीची, तेलातून शक्ती देणारी होती. अशाच इंजिनांसाठी मनमोहन सुरी या भारतीय अभियंत्याने आरंभी टॉर्क कन्व्हर्टर आणि वेग आल्यावर अधिक काटकसरीची जोडणी अशी 'सुरी ट्रान्समिशन' म्हणून प्रसिद्ध झालेली रचना शोधून काढली. तात्पर्य, हे यंत्र आपल्याला परके नाही. परके आहे ते त्याचे निदान.

निदानाचा पहिला नियम असा : दोष सर्व गिअरांत आहे की एकाच गिअरात, हे आधी पाहावे. टॉर्क कन्व्हर्टर हा गावाच्या वेशीसारखा आहे. पुढच्या कोणत्याही गल्लीत जावयाचे असो, वेशीतूनच जावे लागते. तो बिघडला असेल, तर परिणाम पुढे जाताना आणि मागे जाताना, दोन्ही वेळा जाणवेल. गाडी पुढे उत्तम चालते पण मागे जात नाही, किंवा दुसऱ्यातून तिसऱ्या गिअरात जातानाच इंजिन उगाच गुरगुरते, असे असेल तर कन्व्हर्टरला सोडून द्यावे. दोष त्या त्या गल्लीत, म्हणजे गिअरबॉक्समधील विशिष्ट क्लचमध्ये किंवा तेलाला वाट देणाऱ्या झडपांत आहे. या एका प्रश्नाला एक पैसाही लागत नाही.

दुसरा नियम : काहीही खोलण्यापूर्वी तेल पाहावे. या गाडीत तेल हे केवळ वंगण नव्हे. शक्ती वाहून नेणारे, क्लच दाबणारे आणि उष्णता नेणारे तेच. गाडी दहा-पंधरा किलोमीटर चालवून तापल्यावर, सपाट जागी, इंजिन चालू ठेवून बहुतेक गाड्यांत डिपस्टिक पाहतात. होंडाच्या जुन्या गाड्यांत मात्र इंजिन बंद करून लगेच, दीड मिनिटाच्या आत पाहावयाचे असते. काही गाड्यांना डिपस्टिकच नसते. तेथे पातळी कारखान्यातच पाहावी लागते. तेल कमी असेल तर पंप हवा ओढतो, आणि गाडी उशिरा उठणे, घसरणे, घोंघावणे ही कन्व्हर्टरच्या रोगाची सारी सोंगे वठविते. अशा वेळी तेल कोठून गळते ते शोधून भरले, की रोग नाहीसा होतो.

तेलाचा रंग आणि वासही बोलतात. नवे तेल बहुधा लाल व स्वच्छ असते. तपकिरी झाले तर म्हातारे झाले. काळे पडून जळक्या वासाचे झाले, तर कोठला तरी क्लच घासून जळला आहे. पांढऱ्या कागदावर थेंब पसरून उन्हात धरावा. चांदीसारखे चमकणारे कण दिसले, तर धातू झिजतो आहे, आणि कन्व्हर्टरमधील पाती, वॉशर किंवा बेअरिंग यांचा संशय बळावतो. तेल दुधाळ गुलाबी दिसले, तर रेडिएटरमधून जाणारी तेलाची नळी आत फुटून पाणी मिसळले आहे असे समजावे. मग गाडी पुढे नेऊच नये. पाण्याने क्लचवरील चिकटविलेले अस्तर सुटते.

आता खुद्द कन्व्हर्टरची लक्षणे. सर्वांत वारंवार आढळणारे लक्षण म्हणजे थरथर. साधारण पन्नास ते ऐंशीच्या वेगात, ॲक्सिलरेटर हलका दाबलेला असताना, रस्त्यावरील बारीक गतिरोधकांच्या पट्ट्यांवरून गेल्यासारखी गाडी थडथडते. लॉक-अप क्लच धड धरीत नाही आणि धड सोडीत नाही, त्याची ही खूण. परंतु एखाद्या स्पार्कप्लगने दगा दिला तरी अशीच थरथर होते. भेद कसा करावा? मोकळ्या, सरळ रस्त्यावर, मागे वाहन नाही याची खात्री करून, थरथर चालू असतानाच ब्रेकचे पेडल अगदी हलके, दिवा लागण्यापुरतेच दाबावे. पेडल दाबताच बहुतेक गाड्यांत लॉक-अप क्लच सुटतो. त्या क्षणी थरथर थांबली आणि पाय काढल्यावर पुन्हा आली, तर दोष लॉक-अपचा. थांबली नाही, तर प्लग, कॉइल, इंजिनाखालचे रबर यांच्याकडे वळावे. पाच रुपयांचाही खर्च नसलेल्या या परीक्षेने हजारो रुपयांचा चुकीचा निर्णय टळतो.

दुसरे लक्षण याच्या उलट. गाडी वेगातून येऊन थांबू लागली की इंजिन गचका खाऊन बंद पडते. साध्या गाडीत क्लच न दाबता ब्रेक मारला तर जे होते, तेच येथे होते. लॉक-अप क्लच सुटावयास तयार नसतो. परंतु त्याला सोडण्याची आज्ञा एका लहानशा विजेच्या झडपेमार्फत जाते. माहितगार मिस्त्री त्या झडपेची तार काढून पाहतो. तार काढल्यावर इंजिन बंद पडणे थांबले, तर दोष आज्ञा देणाऱ्या व्यवस्थेत असण्याचा संभव अधिक. कन्व्हर्टर उतरविण्याची घाई नको. तार काढूनही बंद पडत असेल, तर झडप तेलात अडकली आहे किंवा क्लच आतच चिकटला आहे. अर्थात, न्यूट्रलमध्ये उभ्या गाडीचे इंजिनही जर हेलकावे खात असेल, तर तो रोग इंजिनाचाच.

तिसऱ्या जोडीची लक्षणे स्टेटरची आहेत, आणि ती एकमेकांच्या अगदी विरुद्ध असल्याने वर्गात शिकविण्यास मोठी सोयीची आहेत. स्टेटरची पकड सुटली आणि ते दोन्ही दिशांना मोकळे फिरू लागले, तर तेल वळविण्याचे काम होत नाही. गाडी जागेवरून उठताना मरगळते, चढावर उभी राहून निघणे अवघड जाते. परंतु एकदा वेग आला की सुरळीत धावते. याउलट, पकड गंजून किंवा जळून घट्ट बसली, तर उठताना गाडी उत्तम. पण वेग वाढल्यावर स्टेटर तेलाच्या वाटेत अडसर होऊन बसते. मग गाडी ठरावीक वेगापुढे जात नाही, इंधन अधिक खाते आणि तेल तापते. नागपूरहून छिंदवाड्याकडे जाताना सौंसरपुढे सिल्लेवानी घाट लागतो. त्या चढावर सपाटीवरचा निरोगी प्रवासीही धापा टाकतो. मग आजारी कन्व्हर्टरची काय कथा? घाटात थांबून पुन्हा निघताना गाडी कशी वागते आणि सपाट महामार्गावर कशी वागते, या दोन गोष्टी मिस्त्रीला वेगवेगळ्या सांगाव्यात. "गाडी ओढत नाही" एवढेच सांगणे म्हणजे डॉक्टरला "बरे वाटत नाही" एवढेच सांगण्यासारखे आहे.

चौथे लक्षण आवाजाचे. पार्किंगमध्ये किंवा न्यूट्रलमध्ये इंजिन चालू असताना पंप आणि टर्बाइन जवळजवळ एकत्रच फिरतात. त्यांच्यामधील बेअरिंगला काम नसते. ब्रेक दाबून गाडी गिअरात घातली की टर्बाइन थांबते, पंप फिरत राहतो आणि बेअरिंगवर भार येतो. म्हणून न्यूट्रलमध्ये नसलेला आणि उभ्या गाडीला गिअरात घालताच येणारा खरखरीचा आवाज हा कन्व्हर्टरच्या आतील बेअरिंगकडे बोट दाखवितो. सर्व स्थितींत सारखाच येणारा आणि इंजिनाच्या वेगाबरोबर चढणारा घोंघाट तेलाच्या पंपाचा किंवा तुंबलेल्या गाळणीचा असू शकतो. आणि डब्यात खडे खुळखुळावे तसा आवाज आला, तर इंजिन व कन्व्हर्टर यांना जोडणारी पातळ पोलादी तबकडी तडकली आहे किंवा तिचे बोल्ट सैल झाले आहेत का, हे आधी पाहावे. त्या तबकडीचा अपराध कन्व्हर्टरच्या नावावर नोंदविला गेल्याची उदाहरणे थोडीथोडकी नाहीत.

यानंतरची परीक्षा मी केवळ माहितीसाठी सांगतो. ती घरी करू नये. तिला स्टॉल परीक्षा म्हणतात. चाकांना अडथळे लावून, दोन्ही ब्रेक घट्ट दाबून, तापलेल्या गाडीला गिअरात घालून ॲक्सिलरेटर पूर्ण दाबतात आणि इंजिन मिनिटाला किती फेऱ्यांवर अडते, ते पाहतात. पुष्कळ गाड्यांत हा आकडा दोन ते अडीच हजारांच्या आसपास असतो. नेमका आकडा त्या गाडीच्या पुस्तिकेतच पाहावयाचा. आकडा फार वर गेला, तर गिअरबॉक्समधील क्लच घसरत आहेत किंवा तेल कमी आहे. फार खाली राहिला, तर स्टेटरची पकड सुटली आहे किंवा इंजिनच अशक्त आहे. ही परीक्षा पाच सेकंदांहून अधिक का करू नये, याचा साधा हिशेब पाहा. लहान इंजिन त्या वेळी सुमारे पंचवीस किलोवॅट शक्ती देते असे धरू. गाडी जागची हलत नसल्याने ती सारी शक्ती तेलाच्या उष्णतेत जाते. कन्व्हर्टरमध्ये दोन लिटर तेल असेल, तर दर सेकंदाला ते सुमारे सात अंशांनी तापते. पाच सेकंदांत पस्तीस अंश. आधीच तापलेले तेल आणखी अर्धा मिनिट असे घुसळले, तर परीक्षाच रोग्याचा प्राण घेईल. म्हणून परीक्षेनंतर गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून मिनिटभर तरी थंड होऊ द्यावी लागते. आणि काही उत्पादक ही परीक्षा करूच देत नाहीत.

अलीकडच्या गाड्यांत संगणक असतो आणि तो दोषांक दाखवितो. पी-०७४१ हा अंक आला की लॉक-अप क्लच अपेक्षेप्रमाणे धरीत नाही, एवढाच त्याचा अर्थ. क्लच झिजला की झडप अडकली की तेल चुकीचे आहे, हे तो अंक सांगत नाही. दोषांक ही फिर्याद आहे. तो निकाल नव्हे.

या साऱ्याचे मोल केवळ पैशात नाही, हे एका उदाहरणाने सांगतो. माझ्या ओळखीचे एक निवृत्त शिक्षक आहेत. डाव्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर त्यांना क्लच दाबणे अशक्य झाले, म्हणून त्यांनी जुनी लहान स्वयंचलित गाडी घेतली. तीमुळे ते पत्नीला घेऊन नागपूरच्या इस्पितळात जाऊ शकत; कोणाच्या उपकाराची वाट पाहावी लागत नसे. वर्षभराने गाडी साठाच्या वेगात थरथरू लागली. मिस्त्रीने बोनेटही न उघडता सांगितले, "सर, गिअरबॉक्स गेला हिचा. पुरा खोलावा लागते." सांगितलेली रक्कम ऐकून सरांनी गाडी भंगारात देण्याचे जवळजवळ ठरविले होते. आम्ही दोघे सकाळी मोकळ्या रस्त्यावर गेलो आणि ब्रेकची परीक्षा केली. पेडलला पाय लागताच थरथर थांबे. गिअर सारे ठरल्या वेळी, गचका न देता पडत होते. तेल काळसर होते. पण त्यात धातूची चमक नव्हती.

तेव्हा सरांनी प्रथम पुस्तिकेत दिलेल्या जातीचेच तेल घालविले. येथे एक गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. खालचा नट काढला तरी पुष्कळसे तेल कन्व्हर्टरमध्येच राहते. म्हणून थोडे थोडे अंतर चालवून दोन-तीनदा तेल बदलावे लागते. दाबाने धुऊन काढण्यापेक्षा जुन्या गाडीला ही सौम्य रीत बरी. भलत्याच जातीच्या तेलानेही थरथर होते, हे पुष्कळांना ठाऊक नसते. सरांच्या गाडीची थरथर निम्म्याने कमी झाली, पण गेली नाही. अस्तर झिजले होते. मग नागपुरात केवळ कन्व्हर्टर बदलण्यात आला. गिअरबॉक्स न खोलता काम झाले आणि खर्च पहिल्या रकमेच्या एका लहान भागात भागला. सर आजही स्वतःच गाडी चालवितात.

कन्व्हर्टर बदलावयाचे ठरलेच, तर मालकाने तीन गोष्टी विचाराव्यात. जुने कण अडकलेली तेलाची शीतक-नळी धुतली काय? गाळणी बदलली काय? आणि नवा कन्व्हर्टर पंपाच्या खाचांत पुरता आत बसला, हे बोल्ट आवळण्यापूर्वी हाताने फिरवून पाहिले काय? अर्धवट बसलेला कन्व्हर्टर बोल्टांनी ओढून बसविला, तर इंजिन चालू करताच गिअरबॉक्सचा पंप फुटतो आणि 'गिअरबॉक्स गेला' हे भाकीत मग खरे ठरते. कन्व्हर्टर हा सांधे जोडून बंद केलेला डबा असल्याने गावच्या कारखान्यात तो दुरुस्त होत नाही. लेथवर कापून, आतील भाग बदलून, पुन्हा जोडून त्याचा तोल साधावा लागतो. तेथे काटकसर करू नये.

आणखी दोन सूचना आमच्या रस्त्यांसाठी. स्वयंचलित गाडी धक्का मारून सुरू होत नाही. तिच्या तेलाचा पंप इंजिनाच्या बाजूने फिरतो. इंजिन बंद, तर तेलाला दाब नाही आणि दाब नाही, तर चाकांची गती इंजिनापर्यंत पोहोचत नाही. चार तरुण कितीही जोर लावोत, व्यर्थ. त्याच कारणाने बंद पडलेली ही गाडी दोर बांधून दूरवर ओढू नये. चाके फिरतात, गिअर फिरतात, पण त्यांना वंगण मिळत नाही. कन्व्हर्टरचा दोष घेऊन निघालेली गाडी नागपूरला पोहोचेपर्यंत खरोखरच गिअरबॉक्स घालवून बसते. इंजिनाची शक्ती ज्या चाकांना मिळते, ती उचलून किंवा संपूर्ण गाडी वाहनावर चढवूनच न्यावी.

श्रोतेहो, मिस्त्री लोकांची निंदा करण्याचा माझा हेतू नाही. आमच्याकडील मिस्त्री ट्रॅक्टर, जीप आणि मोटारपंप यांवर वाढलेले. त्या यंत्रांच्या बाबतीत त्यांचा कान अभियंत्यालाही लाजविणारा असतो. स्वयंचलित गाडी त्यांच्याकडे अजून क्वचितच येते आणि तिचे आतील काम डोळ्यांना दिसत नाही. अशा वेळी मालक लक्षणे क्रमवार सांगू शकला, तर त्यांचेही काम सोपे होते. थरथर कोणत्या वेगात येते, ब्रेकला पाय लावल्यावर थांबते काय, दोष सर्व गिअरांत आहे की एकात, आवाज न्यूट्रलमध्ये येतो की गिअरात, तेल कसे दिसते : ही पाच उत्तरे एका कागदावर लिहून न्यावीत. मग वाद उरत नाही. दोघे मिळून एकाच प्रश्नाचे उत्तर शोधू लागतात.

शाळेत एखादी वस्तू हरवली, तर जो मुलगा नेहमी मार खातो, त्याच्याकडेच प्रथम बोट जाते. चांगला शिक्षक तेथे क्षणभर थांबतो आणि विचारपूस करतो. यंत्राच्या बाबतीतही न्यायाची रीत हीच. आधी विचारावे, मग पाहावे, नंतर परीक्षा करावी, आणि खोलणे सर्वांत शेवटी. जुनी गाडी आपल्याशी तिच्या भाषेत बोलत असते; ती भाषा जाणणाऱ्याला तिची साथ पुष्कळ वर्षे मिळते.